विमानतळावरून हवेचा दाब चुकीचा कळवला गेला, तर उतरणाऱ्या विमानाला खरंच धोका असतो का?

हो, मोठा धोका असतो, आणि वैमानिकाच्या समोरच्या उंचीमापकावर तो दिसतच नाही. उंचीमापक मुळात हवेचा दाब मोजतो. विमानतळाकडून मिळालेला आकडा त्यात भरला की त्यावरून उंची दाखवतो. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कलची (हे हवेचा दाब मोजण्याचं एकक) चूक म्हणजे साधारण २८ फुटांचा फरक. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्या एका एअरबस ए३२० ला नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ सांगितलं. चुकला एकच अंक, पण विमान समजत होतं त्यापेक्षा सुमारे २८० फूट खालून येत राहिलं. पावसात धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी ते पुन्हा वर घेतलं. फ्रान्सच्या विमान अपघात तपास संस्थेच्या अहवालात नोंद आहे, की धावपट्टीच्या अलीकडे ते जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आलं होतं! सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

मात्र आयएलएस (विमानाला धावपट्टीकडे उतरायचा मार्ग दाखवणारी यंत्रणा) वापरून उतरताना मार्ग जमिनीवरच्या रेडिओ संकेतांवरून ठरतो, त्यामुळे दाब चुकला तरी उतरण बदलत नाही. उंचीमापकाचा आकडा तेवढा तिथेही चुकीचाच असतो.