सायरन वाजला की गावच्या ग्रुपवर लगेच टाकावं का, की खात्री होईपर्यंत थांबावं?

टाका, पण फक्त जे ऐकलंत तेवढंच. भोंगा नुसती हाक मारतो; पूर, आग की वायुगळती, हे तो सांगत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये हवाईतल्या माउई बेटावर वणवा पेटला तेव्हा सायरन वाजवलेच नाहीत. सायरन म्हणजे त्सुनामी अशी तिथे लोकांची समजूत, त्यामुळे ते डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच तोंडी पळतील, असं कारण अधिकाऱ्यांनी दिलं. लाहाइना गावात सुमारे शंभर माणसं गेली.

म्हणून असं लिहा: "आत्ता 7:40, पाण्याच्या टाकीकडून भोंगा ऐकू येतोय, कारण माहीत नाही." वेळ हवीच, नाहीतर तोच मेसेज रात्री अकराला फिरत येतो आणि लोक पुन्हा उठून बसतात. "धरण फुटलं म्हणे" यातला "म्हणे" पुढे पाठवताना सगळ्यात आधी गळतो! भोंगा का वाजला, ते प्रशासनाच्या सूचनेतून किंवा रेडिओवरून घ्या. तेवढ्यासाठी आपत्कालीन क्रमांक अडवू नका, प्लीज.

आणि कुणाला सायरन ऐकूच आला नाही तर त्याला वेड्यात काढू नका. हे भोंगे मुळात घराबाहेरच्यांसाठी असतात. उघड्यावरही अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, वर बंद खिडक्या. शेजारी एकटं म्हातारं माणूस असेल तर ग्रुप राहू दे, आधी त्यांचं दार वाजवा.