काजळ्याचं रोप खाडीतून आणून अंगणात लावलं तर जगेल का?

उपटू नका. खाडीकाठी घर आहे, काजळा, म्हणजे कांदळवनातलं हे झुडूप, दुर्मीळ झालाय, म्हणून एक रोप अंगणात आणायचं, हा तुमचा हेतू चांगलाच आहे. तरी उपटू नका.

आमचं खाजण, म्हणजे खाडीला बांध घालून केलेली भातजमीन, रायगडात. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला सगळं तिवरांचं रान, त्यात काजळ्याची झुडपं मोजून पाच. माणसापेक्षा थोडी उंच, बारा महिने हिरवी. लहानपणी वडिलांनी त्याचं एक पान चाटायला दिलं होतं. वर पांढुरकी पूड, खारट. अंगातलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं. पांढऱ्या फुलांचे झुबके आले की गोड वास सुटायचा आणि खाली कुर्ल्या धरायला वाकलं तरी डोक्यावर मधमाश्यांची भुणभुण. फळ मिरचीसारखं वाकडं. नखाने साल सोललं की आत हिरवा कोंब, झाडावरच रुजलेला. कांदळाच्या लोंबत्या शेंगा सगळे दाखवतात, ही गंमत कुणी दाखवत नाही.

२०१६ साली माझ्या सख्ख्या काकांनी बांध रुंद करायला जेसीबी आणला आणि पाचही झुडपं गेली. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची २००५ पासून बंदी आहे म्हटलं, तर म्हणाले, "जमीन आपली. आणि ह्या जाळीत डास होतात. तू दोन दिवस येणार, चावणार आम्हाला." पुढे २०१८ च्या निकालात जमीन कोणाचीही असो, तोडायचं नाही, हे स्पष्टच झालं. ती बातमी मी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. डास साचलेल्या पाण्यात होतात हो! काकांच्या परसातलं उघडं पिंप आजही तसंच आहे.

दुसऱ्याच पावसाळ्यात उधाणाला बांध नेमका तिथेच फुटला. खारं पाणी शिरलं, दोन वर्षं भात नाही.

तर रोपाचं. पावसात पिकलेली फळं गळून काठाला लागतात, ती वेचा आणि भरतीचं पाणी येऊन जातं तिथल्या गाळात प्रत्येक फळ निम्मं खोचा. समुद्रालगतच्या वाळूत नको. खाडीत आत, गोडं पाणी येऊन मिसळतं तिकडे. कुंडीत मी कधी लावलेलं नाही, लावणारही नाही.

आणि दुर्मीळ म्हणजे आमच्याकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत काजळा अजून बऱ्यापैकी आहे. बांधाचंही खरं सांगायचं तर उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुजलेली होती, सगळा दोष काकांच्या माथी मारता येणार नाही. पण फुटला तिथेच.

गेल्या पावसात मी त्याच जागी नऊ फळं खोचली, चार धरलीत. काका रोज तिथून जातात, अजून एकही उपटलेलं नाही. त्यांच्या म्हशीचा मात्र मला भरवसा नाही.