गुण देणं हा काय व्यवसाय झाला?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ माडावरून पडला. पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखालची हालचाल गेली. इस्पितळात एक फिजिओथेरपिस्ट बाई कागद घेऊन यायच्या आणि त्याला गुण द्यायच्या. ते बघून माझी बारावी सायन्सची मुलगी म्हणते, मला हेच करायचंय. गुण देणं हा काय व्यवसाय झाला? – एक पालक, डिचोली

उत्तर : नमस्कार. नुसतं गुण देण्याची वेगळी पदवी नाही. हे काम फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारी उपचारपद्धती) शिकलेली माणसं करतात. पण तुमच्या मुलीची नजर पडलीय ती बरोबर जागी.

तो कागद बहुधा ‘स्किम’चा (स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेजर) असावा. रोजची कामं माणूस किती आपली आपण करतो, ते यात मोजतात. मज्जारज्जूच्या दुखापतीसाठीच बनवलेली ही मोजपट्टी १९९७ साली आली, आता तिची तिसरी आवृत्ती वापरतात. एकूण गुण १००. स्नायूंची ताकद वेगळी तपासतात : दोन्ही बाजूंचे दहा-दहा स्नायू, प्रत्येकाला ० ते ५. तीही बेरीज १०० चीच, त्यामुळे घरच्यांचा घोळ होतो. ताकद आहे तिथेच राहिली तरी स्किमचे गुण वाढू शकतात, कारण माणूस युक्ती शिकतो. पलंगावरून व्हीलचेअरवर जायचं घ्या. सगळं दुसऱ्यानेच करावं लागलं तर ०. थोडा हात द्यावा लागला, कुणी नुसतं शेजारी उभं राहावं लागलं किंवा सरकायला फळी लागली, तरी १. आपला आपण गेला तर २.

आपण सगळे विचारतो, ‘चालणार कधी?’ हा कागद मात्र लघवीला १५, शौचाला १० गुण ठेवतो. घरात ज्याबद्दल कुणी बोलत नाही, त्यालाच इतकं वजन! आजोबांच्या वयाच्या अनोळखी माणसाला ‘लघवीची नळी स्वतः घालता का?’ असं तुमची मुलगी न अडखळता विचारू शकेल का, ते तिला विचारा. माझ्या मते ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांइतकंच हेही महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट नजरेची. वहिनी हुमणातल्या माशाचे काटे काढून, शीत कालवून ताट पुढे करतात, तेव्हा भावाला ते जमत नाही की कुणी करू देत नाही? नोंद करायची ती तो रोज खरोखर काय करतो याची. शिवाय दोन थेरपिस्टनी तपासलं तर गुण सारखे यायला हवेत. ते येतात का, हे पडताळायला संख्याशास्त्र लागतं. गणित चांगलं असेल तर पुढे संशोधनात तिला वाव आहे.

प्रवेशासाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची यंदाची माहितीपुस्तिका नीट वाचा. गेल्या वर्षीच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राने केलेल्या कायद्यानंतर या अभ्यासक्रमांचे नियम बदलत आहेत. ‘नीट’ मात्र देऊन ठेवू दे. बेळगाव आणि मणिपालचाही विचार करा. पगार सुरुवातीला डॉक्टरएवढा नसेल, हे आधीच धरून चला.

फॉर्म भरण्यापूर्वी एक करा. येत्या रविवारी काका खुर्चीतून पलंगावर जाताना तिला बाजूला बसू दे. मदत करायची नाही, बोलायचं नाही. हात कुठे लागला, किती वेळा थांबले, एवढंच वहीत लिहायचं. दुसऱ्या रविवारी परत. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ती काय सांगते ते मला कळवा. आणि हो, काकांना आधी विचारा.