सूर तेच, मग किंगसाहेब कुठे गेले?

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर महिन्याला एका गिटारवादकाची स्टाइल शिकायची असं ठरवलंय. हेन्ड्रिक्स झाला, नॉफ्लर झाला, आता बी. बी. किंग चालू आहे. टॅबचं नोटेशन बघून सूर सगळे बरोबर येतात, पण स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की परीक्षेचा पेपर वाचून दाखवल्यासारखं वाटतं. माझी गिटार अकॉस्टिक आहे. इलेक्ट्रिक घ्यावी का?
– एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : महिन्यात हेन्ड्रिक्स ‘झाला’? अरे, मला चाळीस वर्षांत झाला नाही!

कुठल्या तारेवर, कितव्या फ्रेटवर (म्हणजे पडद्यावर) बोट ठेवायचं, हे टॅब सांगतो. बोट ठेवल्यावर पुढे काय करायचं, ते मात्र एका वाकड्या रेघेत उरकतो. आणि किंगचं सगळं त्या रेघेतच आहे. त्याचा नातलग बुका व्हाइट तारांवर नळी फिरवून स्लाइड वाजवायचा. किंगला ते काही जमेना. मग नुसत्या बोटानं तार हलवून तो तसा थरथरता आवाज काढायला लागला, आणि तीच त्याची ओळख झाली.

त्याचा एखादा व्हिडिओ आवाज बंद करून बघ. पहिलं बोट तारेवर, अंगठा गिटारच्या मानेवरून सुटलेला, आणि पंजा मनगटातून असा हलतो की बाकीची बोटं पंखांसारखी फडफडतात. तू बहुतेक नुसतं पेर वाकवून तार खाजवत असशील. सगळे तेच करतात.

आता बेंड, म्हणजे दाबलेली तार ओढून सूर चढवणं. अकॉस्टिकच्या नेहमीच्या सेटमध्ये तिसऱ्या तारेवर बारीक तार गुंडाळलेली असते. ती पूर्ण स्वरभर ओढायला गेलास तर बोट सोलून निघेल, सूर काही चढायचा नाही. इलेक्ट्रिकवर ती साधी असते, म्हणून टॅबमधले पुष्कळ बेंड तिच्यावर असतात. तू तूर्त दुसरी तार धर. पहिलं बोट पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरं बोट दुसऱ्या तारेच्या आठव्यावर, आणि त्याच तारेवर सातव्याला दुसरं बोट, आधाराला. दोन्ही तारा एकदम छेड आणि दुसरी वर ढकलत ने. सूर किंचित कमी असेल तोवर आवाज लाटेसारखा हेलकावतो. जुळला की लाट थांबते. ट्यूनर अ‍ॅप बघू नकोस, ती लाट ऐक.

हे मला फार उशिरा कळलं. ऑर्केस्ट्रात असताना गिटारची घोडी घासून घ्यायला मिरजेत सतारमेकर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरांकडे गेलो होतो. काम झाल्यावर ऐटीत एक बेंड मारून दाखवला. ते म्हणाले, “मींड घेतोयस खरी, पण ती पोचत नाही कुठं.” मग कोपऱ्यातली एक सतार मांडीवर घेऊन त्यांनी एकाच पडद्यावर तार ओढत सा, रे, ग, म असे चार सूर काढले. प्रत्येकावर थांबून! बी. बी. किंग हे नाव त्यांनी ऐकलेलंही नसणार. मला एवढंच म्हणाले, “आधी गळ्यानं म्हण, मग ओढ.” बाहेर पडताना कान लाल झाले होते माझे. आणि किंग तरी दुसरं काय करायचा? एक ओळ गायचा, मग गाणं थांबवून उत्तर गिटारला द्यायला लावायचा.

तेव्हा इलेक्ट्रिकसाठी घरच्यांना इतक्यात गळ घालू नकोस. दहा नंबरचा, म्हणजे बारीक तारांचा सेट चढव, बोटं दुवा देतील. पुढच्या महिन्यातही किंगच. त्याच्या तीन ओळी घे, आधी तोंडानं म्हण, लाज वाटली तर दार लावून म्हण.

प्रश्न : निवृत्तीनंतर गिटार शिकतोय. सरावाला वेळ रात्रीच मिळतो आणि वरच्या मजल्यावरून तक्रार येते. काही उपाय?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्याच दुखण्यातून एक थोर वादक घडलाय. इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी दिवसा नोकरी करायचा, रात्री सराव. आवाजाची कटकट नको म्हणून त्यानं पिक, म्हणजे तारा छेडायची नखी, सोडलं आणि अंगठ्याच्या मांसल भागानं वाजवायला लागला, असं सांगतात. तो गुबगुबीत आवाज पुढे जॅझवाल्यांनी डोक्यावर घेतला.

तुम्हीही पिक डब्यात ठेवा. त्याचे ऑक्टेव्ह, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम, करून बघा : सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट पहिल्या बोटानं, चौथ्या तारेचा पाचवा तिसऱ्या बोटानं. मधली पाचवी तार पहिल्या बोटाच्या टोकानं नुसती स्पर्शून मुकी करायची. मग हाताचा तोच आकार तसाच वर-खाली सरकवायचा.

मेट्रोनोम मात्र हेडफोनवर लावा. रात्री साडेदहाला त्याची टिकटिक गिटारपेक्षा जास्त डोकं उठवते, असं आमच्या सौ.नी मला दोनदा सांगितलंय.