आधी ओहोटीची वेळ लिही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा कागद दोनदा वाचला. अंदमानात आठ रात्री, नऊ दिवस, आणि त्यात सेल्युलर जेल, हॅवलॉक आणि नील ही बेटं, बाराटांग, रंगत, दिगलीपूर, सॅडल पीक, वर स्कूबा. खाली पेनाने लिहिलंयस, 'काका, बाबा म्हणतात पॅकेज घे, मैत्रिणी म्हणतात काहीच सोडायचं नाही, मला सुचतच नाहीये.' पॅकेज घेऊ नकोस. आणि मैत्रिणींचंही ऐकू नकोस. तुझ्या कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे किलोमीटर आहेत, हॉटेलचे पैसे आहेत. भरती-ओहोटीची वेळ मात्र एकाही ठिकाणापुढे नाही. सगळा गोंधळ तिथेच आहे.

अंदमानात दिवस आखतो तो समुद्र. आधी ओहोटीची वेळ लिही, मग बोट, मग गाडी, आणि सगळ्यात शेवटी हॉटेल. तू नेमकं उलटं केलंयस. बहुतेक लोक उलटंच करतात आणि नीलच्या दगडी कमानीसमोर छातीएवढं पाणी बघून परत येतात.

दिनदर्शिका समोर घे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खरं तर एक-दोन दिवस उलटून, उधाण असतं. तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. पोर्ट ब्लेअरला हा फरक साधारण दोन मीटरचा, म्हणजे पुरुषभर. अष्टमीच्या पुढेमागे भांग असतो, पाणी जेमतेम हलतं. कोकणातून आलेल्या घरांत एक आडाखा सांगतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता. तो कोकणपट्टीचा आडाखा आहे, अंदमानात तो लावू नकोस. उधाण आणि भांगाची तिथी तिथेही तीच, घड्याळ मात्र वेगळं. त्यासाठी पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता काढ. त्यात रोज साधारण चार ओळी असतात, पुढे वेळ आणि मीटरमध्ये उंची. सगळ्यात छोटा आकडा असलेली दिवसाउजेडीची ओळ पेन्सिलने गोल कर. दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. एवढं समजलं की निम्मी सहल आखून झाली.

आता उजेड. इंदूरला जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि पावणेसहानंतर मावळतो. अंदमान आपल्यापेक्षा सतरा अंश पूर्वेला, पण घड्याळ भारताचंच. त्यामुळे तिथे पावणेसहाला सूर्य वर असतो आणि पाच-सव्वापाचला बुडतो. साडेपाचला अंधार. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला गर्दी बघणाऱ्या पोरींना हे पहिले दोन दिवस पटत नाही. सकाळी दहाला नाश्ता करून निघालीस तर हाती सहा-सात तास उरतात, त्यातला अर्धा वेळ जेट्टीवर जातो. पहाटे चारला उठायचं, दुपारी झोपायचं, रात्री नऊला दिवा मालवायचा. घासाघीस नको.

आता काट मारतो. हॅवलॉक काढून टाक. तिथला राधानगरचा किनारा सुंदर आहे, तिथला सूर्यास्तही सुंदर, मला ठाऊक आहे. पण तुझ्याच शब्दांत तुला 'रस्त्याने शेवटपर्यंत' जायचंय, आणि तो रस्ता उत्तरेला दिगलीपूरला जातो, सुमारे तीनशे किलोमीटर. उत्तर, हॅवलॉक आणि नील असं तिन्ही आठ रात्रींत कोंबलंस तर प्रत्येक ठिकाणी ओहोटी हुकणार. हॅवलॉक परत कधीही होईल, तिथे सगळेच जातात. सॅडल पीकही काढ. ७३२ मीटर उंची बघून फसू नकोस, लामिया बेपासून जाऊन-येऊन सोळा किलोमीटर दमट जंगलातून चढ-उतार आहे, त्याला अख्खा दिवस जातो.

पहिली रात्र पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजय पुरम, पण तिकिटांवर आणि लोकांच्या तोंडी दोन्ही सापडतील. त्या दुपारी फक्त सेल्युलर जेल. मधल्या मनोऱ्यापासून फाकलेल्या सात इमल्यांपैकी, म्हणजे लांबट इमारतींपैकी, तीनच उरलेत. सावरकरांच्या कोठडीशी सगळे फोटो काढतात आणि उतरतात. तू तिथून तशीच गच्चीवर जा आणि मधल्या मनोऱ्यापाशी उभी राहा. एका इमल्याच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या इमल्याच्या पाठीकडे का ठेवलंय ते तिथून एका नजरेत कळतं. समोरच्या कैद्याचा चेहराही दिसू नये म्हणून. सावरकर तिथे १९११ ते १९२१, दहा वर्षं. तिथे घाई केलीस तर मला वाईट वाटेल, खरंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला गाडी. स्थानिक ड्रायव्हरसकट घे, स्वतः चालवायचा हट्ट सोड. जिरकाटांगच्या नाक्यावर ओळखपत्रं दाखवून फॉर्म भरावा लागतो, आणि तिथून पुढे जवळपास पन्नास किलोमीटर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ठरावीक वेळांना कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, सुटतो. पहिला सहाच्या सुमाराला. वेळा बदलतात, आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरकडून पक्की करून घे. रांगेत मागे राहिलात की पलीकडे मिडल स्ट्रेटच्या जेट्टीवर बोटीसाठीही मागेच राहता, आणि मग गुहा हुकते. त्या पन्नास किलोमीटरमध्ये गाडी थांबत नाही, ओव्हरटेक नाही, काच खाली नाही, कॅमेरा बॅगेत. जारवा दिसतील का, हा प्रश्न ड्रायव्हरला विचारायचा नाही. मैत्रिणींनाही विचारू द्यायचा नाही. ते त्यांचं घर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता तिथे बंद करा म्हणून सांगितलं होतं, तरी आपण जातो, तेव्हा निदान माना खाली घालून जायचं.

मिडल स्ट्रेटला गाडी बोटीवर चढते आणि बाराटांगला उतरते. तिथून छोट्या होडीने अर्धा तास खारफुटीच्या खाडीतून, मग सव्वा-दीड किलोमीटर चालत चुनखडीची गुहा. शेवटच्या टप्प्यात होडी इतक्या अरुंद जागेतून जाते की मुळं हाताला लागतील. हात आत ठेव, खाडीत मगरी आहेत. गुहेतल्या ओल्या दगडाला बोट लावू नकोस, हाताचं तेल लागलं की तिथे चुना साचणं थांबतं. चिखलाचा ज्वालामुखी बघितला नाहीस तरी चालेल. जेवून निघा, रात्र रंगतला. धानीनालाच्या खारफुटीतला लाकडी रस्ता सातशेहून जास्त मीटर आहे, उजेड असेल तरच जा.

तिसऱ्या दिवशी मायाबंदरवरून दिगलीपूर, तिथे दोन रात्री. मधला दिवस रॉस आणि स्मिथसाठी. हे रॉस म्हणजे पोर्ट ब्लेअरसमोरचं पडक्या चर्चचं रॉस नव्हे, नेट शोधताना बरेच जण इथेच चुकतात. एरियल बे जेट्टीवरून परवानगी घेऊन होडी मिळते, वीस-तीस मिनिटं. दोन बेटांमध्ये वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला त्यावरून चालत जाता येतं, भरतीला तो बुडतो. म्हणून पुन्हा तेच सांगतो, होडी ओहोटीच्या तासभर आधी पोचेल अशी ठरव. होडीवाला सकाळी नऊ म्हणाला म्हणून नऊला जाऊ नकोस. तक्त्यात ओहोटी दोनला असेल तर साडेबाराला निघायचं, आणि पाचच्या आत जेट्टीवर परत. रात्री कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. टॉर्च लावायचा नाही, वनखात्याचा माणूस सांगेल तसंच करायचं.

पाचव्या दिवशी परतीला दिगलीपूर पहाटे पाचच्या आत सोडा. दुपारचा शेवटचा कॉन्व्हॉय गेला की रात्र बाराटांगला काढावी लागते, आणि दुसऱ्या दिवसाची नीलची बोट हुकते.

नीलला दोन रात्री, आणि इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. लोक दिवसभरात उरकतात. बोटीच्या वेळा ओहोटी बघून ठरत नाहीत, त्यामुळे एका दिवसात कमान दिसली तर नशीब. दोन रात्रींत निदान एक दिवसाउजेडीची चांगली ओहोटी हाती लागतेच. बेट पाचेक किलोमीटरचं, सायकल पुरते. लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या दीड तास आधी पोच. बंगाली वस्तीतले लोक त्या कमानीला हावडा ब्रिज म्हणतात, तसंच विचार. चप्पल नको, मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाल. मेलेलं प्रवाळ ब्लेडसारखं कापतं. पाऊल फक्त वाळूवर किंवा उघड्या खडकावर, प्रवाळावर कधीच नाही. मग एका डबक्याशी उकिडवी बस आणि पाच मिनिटं सावली हलू देऊ नकोस. आधी रिकामं वाटतं. मग दगडात रुतलेला मोठा शिंपला हळूच तोंड उघडतो, आत निळ्या-जांभळ्या मखमलीची घडी दिसते. तुझी सावली पडली की मिटतो. पाणी परत चढू लागलं की लगेच फिर, मागचा खडकाळ रस्ता आधी बुडतो.

शंख, प्रवाळ काही उचलू नकोस, विमानतळावर बॅग उघडतात आणि तो गुन्हा आहे. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायांना खोबरेल तेल लाव. उत्तरेत रोख पैसे लागतात. पहाटेसाठी शेव-चिवड्याची मोठी पिशवी घरून ने. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच, कारण वारा सुटला की बोटी रद्द होतात आणि विमान थांबत नाही. स्कूबा करायचंच असेल तर नीलला पहिल्या दिवशी. पाण्यातून वर आल्यावर विमानापर्यंत चोवीस तास मोकळे हवेत.

लोक मला हट्टी म्हणतात, सहलीला कोणी पंचांग घेऊन बसतं का म्हणतात. म्हणू देत. चार गोष्टी कमी बघून परत आलेल्या माणसाने कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. सगळं बघून आलेल्यांना मात्र दोन महिन्यांनी विचारलं तर बोटींच्या रांगाच आठवतात.

तिकीट अजून काढलं नाहीस ना? काढू नकोस. डिसेंबर ते एप्रिलमधले तुला सुट्टी मिळणारे नऊ दिवस लिही, त्यापुढे रोजची ओहोटी आणि मीटरचा आकडा, आणि तो कागद रविवारी घेऊन ये. गरज पडली तर नील आधी आणि दिगलीपूर नंतर असं फिरवून बघू.

तुझा,
काका
इंदूर