फळ्या चिकटवाव्यात, जोडाव्यात की सांधाव्यात?

प्रश्न असा आहे : सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या पातळ फळ्या कडेला कड भिडवून रुंद फळा करण्याची कृती मराठीत लिहायची असल्यास ‘ग्लू’ (फळ्या चिकटवण्याचे द्रव्य) आणि ‘क्लॅम्प’ (त्या आवळून धरण्याचे साधन) यांच्यासाठी, तसेच त्यांच्याशी निगडित क्रियांसाठी, कोणते शब्द वापरावेत?

आधी क्रियापदांकडे पाहू, कारण खरी अडचण तेथेच आहे. ‘चिकटवणे’ म्हटले की एका पृष्ठावर दुसरे पृष्ठ बसवल्याचा बोध होतो. प्लायवर सनमायका चिकटवतात. ‘डकवणे’ हे त्याहून हलके काम असून ते खळीने कागद लावण्यापुरतेच ठीक आहे. ‘जोडणे’ चूक नाही, पण खिळा किंवा स्क्रू मारूनही जोडता येते. कडांचा मिलाफ होऊन दोन फळ्यांची एक व्हावी, हा अर्थ ‘सांधणे’ या क्रियापदातच येतो. मोडलेले हाड सांधते, आणि ‘सांधा’ व ‘एकसंध’ हे त्याचेच भाईबंद आहेत. म्हणून ‘फळ्या सांधणे’ हा प्रयोग मला येथे सर्वांत नेमका वाटतो.

‘ग्लू’साठी कोशांत ‘सरस’ सापडतो. हा शब्द फारसीतून आला असून ‘रसयुक्त’ या अर्थाच्या विशेषणाशी त्याचे काही नाते नाही. जनावरांची कातडी आणि हाडे कढवून केलेला हा पदार्थ पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून तापवावा लागतो आणि गरम असतानाच लावावा लागतो. १९५९ साली बाजारात आलेले फेविकॉल तापवावे लागत नव्हते, आणि पुढे सुतारांच्या बोलण्यात कोणत्याही पांढऱ्या चिकट द्रव्याला तेच नाव रूढ झाले. त्यामुळे आजच्या कृतीत नुसते ‘सरस लावा’ असे लिहिल्यास जाणता वाचक शेगडी पेटवायला निघेल. ‘आसंजक’ ही परिभाषा पाठ्यपुस्तकात शोभते, हातात ब्रश असताना ती कोणाच्या तोंडी येत नाही. ‘फेविकॉलसारखे पांढरे द्रव्य’ असे एकदा सांगून पुढे ‘फेविकॉल’ म्हणावे, हे बरे.

‘क्लॅम्प’ला ‘शेगडा’ म्हणू नये, कारण शेगडा म्हणजे व्हाइस, कामाच्या टेबलावर पक्के बसवलेले पकडीचे साधन. ‘शिकंजा’ अर्थाने जवळचा आहे, पण आज तो वाचला की आधी पोलिसांचा किंवा कायद्याचा आठवतो. ‘चाप’ या शब्दात स्प्रिंगची पकड गृहीत असते (केसांचा चाप, कागदाचा चाप), म्हणून स्प्रिंगच्या क्लॅम्पला तो उत्तम बसतो, स्क्रूच्या क्लॅम्पला मात्र नाही. तेथे ‘क्लॅम्प’च ठेवावा, सुतारही तेच म्हणतात.

मात्र ‘क्लॅम्प करणे’ हे क्रियापद टाळावेच, कारण त्यात दोन वेगळ्या क्रिया एकत्र होतात आणि पातळ फळ्यांच्या बाबतीत त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. कडा एकमेकींना भिडाव्यात म्हणून बाजूंनी ‘आवळावे’ लागते; पण पातळ फळ्या जास्त आवळल्या तर मधोमध उचलल्या जातात, म्हणून त्यांना वरून ‘दाबावे’ही लागते. क्लॅम्प नसेल तर सपाट पाटावर दोन पट्ट्या ठोकून, त्यांच्यामध्ये फळ्या ठेवून, उरलेल्या फटीत समोरासमोर दोन पाचरी मारल्या तरी आवळण्याचे काम होते.

नमुन्यादाखल असे लिहिता येईल : ‘कडांना फेविकॉल लावून फळ्या भिडवाव्यात, दोन्ही बाजूंनी बेताने आवळाव्यात, वर-खाली प्लॅस्टिकचा कागद घालून आडव्या पट्ट्यांनी दाबाव्यात, आणि दरजेतून बाहेर आलेले फेविकॉल ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.’ यातील ‘दरज’ म्हणजे दोन फळ्यांमधली रेघ किंवा फट. गवंडीकामात दरजा भरतात, तो हाच शब्द; ‘जॉइंट लाइन’ऐवजी तो निःशंकपणे वापरावा.