धरलेला उपवास आणि दुपारची थरथर

‘मावशी, माझं वय ४२, राहणार सेलू. गेल्या वर्षी शुगर निघाली, सकाळी आठला एक गोळी घेते. एका लग्नात सगळ्यांदेखत नणंद म्हणाली, “वहिनी, किती सुटलात!” घरी आल्यावर दोनच वेळा जेवायचा नियम धरला. तीन महिन्यांत ६ किलो उतरले. मग काटा हलेना, म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी वाढवले. आता सगळ्यांचं आटोपून अडीचला जेवायला बसेपर्यंत हात थरथरतात, घाम फुटतो, लेकरांवर उगाच ओरडते. वजन २ किलो परत वाढलंय. सासूबाई म्हणतात, धरलेला उपवास मधेच सोडू नये. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. काय करू?’

माय, वजनाचं मागून बघू. आधी ती थरथर.

गोळीचं नाव तू लिहिलं नाहीस. पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर ती गोळी पोटात अन्न असो नसो, शुगर खाली ओढते. नुसत्या मेटफॉर्मिननं असं सहसा होत नाही. आठला गोळी आणि अडीचला पहिला घास, यात तुझ्या घामाचं कारण असावं असं मला वाटतं. पुढच्या वेळी हात कापायला लागले की लगेच मशीनवर शुगर बघ. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून पी आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघ. मशीन हाताशी नसेल तर न बघताच साखर घे. उपवास मोडला तर मोडू दे. पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नकोस.

मलाही हे पडल्यावरच कळलं. शुगरची गोळी चालू असताना मी नवरात्राचे नऊही दिवस धरले होते. पाचव्या माळेला तुळजापूरच्या पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढं अंधारी आली. परडी घेतलेल्या एका बाईनं मला सावरलं आणि पिशवीतलं केळं सोलून भरवलं. देवाचं काय डॉक्टरला सांगायचं, असं मला तोवर वाटायचं.

दोन जेवणांचा नियम वाईट नाही. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. पण त्यात दोन्ही वेळा पोटभर जेवायचं असतं, एक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं असतं, आणि जोडीला ४५ मिनिटांचं चालणं असतं. तू त्यावर उपवास चढवलेस आणि त्यांच्यासोबत साबुदाणा आला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. वर शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तूप. ताटभर खिचडी दोन भाकरींना भारी पडते. काटा वर गेला त्यात नवल नाही. उपवास करायचाच असेल त्या दिवशी थोडी भगर, ताक, दही, मूठभर शेंगदाणे बरे.

आणि एक गोष्ट मला फार खटकली, बाई. सगळ्यांचं आटोपून अडीचला! घरात शुगर तुला आहे आणि शेवटचं ताट तुझंच. जेवणाची वेळ गोळीच्या जवळ आण, घरच्यांना वाढून घ्यायला सांग. ताटात जवारीची भाकरी, घट्ट तुरीचं वरण, मेथी नाहीतर अंबाडी, वाटीभर दही असू दे. चालत असेल तर अंडं. हिमोग्लोबिनही तपासून घे, इतके उपवास झालेत.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगणारा एक जुना श्लोक आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांच्याबरोबर त्यात औषधही येतं. सोमवार आणि गुरुवारचं रीतसर उद्यापन कर, सवाष्ण जेवू घाल. मग ते व्रत मधेच सोडलं असं कुणी म्हणणार नाही. एकादशी ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरव.

नणंदेचं बोलणं लागलं असणार, मला कळतं. पण त्या एका वाक्यासाठी वर्षभर थरथरत चूल सांभाळायची नाही, लेकी. उद्याच दवाखान्यात जा. कोणत्या दिवशी काय खाल्लं, किती वाजता हात कापले, हे कागदावर लिहून ने. गोळीचं पाकीटही पिशवीत टाक.